पणजोबा कधी वारले? मराठवाड्यात मृत्यूची नोंद कशी शोधायची

वंशावळ काढायला बसलं की नावं भराभर निघतात. गाडी अडते ती तारखांपाशी. "रझाकाराच्या आधी गेले", "मानमोडीत घरातली तीन माणसं गेली", "बहात्तरच्या दुष्काळात आजी होती" अशी उत्तरं मिळतात. ती कागदावर चालत नाहीत, पण शोधाला त्यांच्याइतकी चांगली सुरुवात दुसरी नाही. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. रझाकाराचा धुमाकूळ १९४७-४८ चा, आणि पोलीस ॲक्शन १३ ते १७ सप्टेंबर १९४८. या खुणांमध्ये माणूस कुठं बसतो ते ठरवलं की पन्नास वर्षांचा पल्ला चार-पाच वर्षांवर येतो.

हे आधी करायचं कारण व्यवहाराचं आहे. जन्म-मृत्यूची रजिस्टरं वर्षावार असतात, नावावार नसतात. शोध शुल्क शोधलेल्या प्रत्येक वर्षामागं लागतं. पैसे किरकोळ असतात, पण रजिस्टरं काढून पानं उलटायला माणूस लागतो. "१९७० ते १९९० मध्ये कधीतरी" असा अर्ज टेबलावर पडून राहतो. "१९७४ ते १९७७" असा असेल तर तो बघितला जाण्याची शक्यता बरीच जास्त.

घरातली तारीख: श्राद्धाची तिथी

वर्ष विसरलं तरी तिथी बहुतेक हिंदू घरांत टिकलेली असते. मात्र वर्षश्राद्ध आणि पितृपक्ष यांत गल्लत करू नका. वर्षश्राद्ध मृत्यूच्या मराठी महिन्यात आणि तिथीला होतं, म्हणून त्यातून महिना, पक्ष आणि तिथी तिन्ही कळतात. पितृपक्षातल्या श्राद्धातून फक्त तिथी कळते, महिना नाही. तिथेही अपवाद आहेत. सवाष्ण गेलेल्या बाईचं श्राद्ध अविधवा नवमीला घालतात, अपघातानं किंवा शस्त्रानं गेलेल्याचं चतुर्दशीला, तिथी ठाऊक नसेल त्याचं सर्वपित्रीला. त्यामुळं "आजीची नवमी असते" एवढ्यावरून आजी नवमीला वारली असं धरायचं नाही. त्यातून कळतं ते वेगळंच आणि कामाचं: आजी गेली तेव्हा आजोबा हयात होते.

शक ठाऊक असेल तर हिशेब सोपा आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी ते मार्चमध्ये पडणाऱ्या दिवसांना ७९ मिळवायचे. शके १८८० चा कार्तिक म्हणजे १९५८ चं साल. शके १८६० चा माघ मात्र १९३९ मध्ये पडतो. तिथीवरून नेमकी तारीख त्या वर्षीच्या पंचांगातच बघावी, कारण अधिक मासानं सगळं पुढंमागं सरकतं.

मुस्लिम घरांत हिजरी महिना आणि चेहलुमची (चाळिसाव्याची) आठवण असते. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून "रमजानमध्ये वारले" यातून ऋतू कळत नाही. वर्ष आधी पक्कं करावं लागतं. ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चचं दफन रजिस्टर हा वेगळा आणि बहुधा जास्त नेटका आधार आहे.

नोंद गावाला नसते, मृत्यू झाला तिथं असते

सगळ्यात जास्त चपला इथंच झिजतात. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात नोंद घटनेच्या जागी होते, राहत्या गावी नाही. केज तालुक्यातला माणूस अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात वारला तर नोंद अंबाजोगाईला. घाटी या सरकारी रुग्णालयात वारला तर छत्रपती संभाजीनगर शहराच्या नोंदणीत. ऊसतोडीला गेलेला माणूस कारखान्याच्या फडात गेला असेल तर नोंद कोल्हापूर, सांगली किंवा थेट बेळगाव जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीत असेल, अंत्यविधी भले गावी झालेला असो. आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत "नोंद नाही" असं उत्तर मिळालं, तर त्याचा अर्थ "इथं नोंद नाही" एवढाच.

म्हणून घरात पहिला प्रश्न "कधी गेले" हा नसून "कुठं गेले" हा असावा. दवाखान्यात? कोणत्या? घरी आणल्यावर गेले की वाटेत? जीप किंवा ॲम्ब्युलन्समध्ये वाटेत प्राण गेला असेल तर कुठली हद्द लागली यावरून दोन-तीन ठिकाणं संभवतात. सगळीकडं विचारा.

१ एप्रिल १९७० नंतरचे मृत्यू

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा, महाराष्ट्रात लागू झाला १ एप्रिल १९७० पासून. त्यानंतरच्या मृत्यूची नोंद असायलाच हवी. प्रत्यक्षात पहिल्या दहा-पंधरा वर्षांत खेड्यातले कितीतरी मृत्यू, विशेषतः बायकांचे आणि तान्ह्या मुलांचे, नोंदलेच गेले नाहीत. गावात निबंधकाचं काम ग्रामसेवकाकडं (आता ग्रामपंचायत अधिकारी), नगरपालिका-महापालिकेत आरोग्य विभागाकडं. काही सरकारी रुग्णालयांत नोंदणी रुग्णालयातच होते. जिल्ह्याचे निबंधक म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामपंचायतीत रजिस्टर सापडत नसेल तर पुढचं पत्र त्यांच्या नावानं जातं. मृत्यूचं रजिस्टर कायमस्वरूपी जतन करायचं दप्तर आहे, ते नष्ट करता येत नाही. "जुनं आहे, काढून टाकलं" हे उत्तर नियमात बसत नाही. वाळवी लागली, पुरात भिजलं, दप्तर दुसऱ्या इमारतीत गेलं ही उत्तरं मात्र खरी असू शकतात, आणि ती लेखी घ्यावीत.

रजिस्टरात काय असतं आणि दाखल्यावर काय येतं, हा फरक वंशावळ काढणाऱ्यानं पक्का लक्षात ठेवावा. मृत्यूच्या दाखल्यावर (नमुना ६) नाव, मृत्यूचा दिनांक, ठिकाण, आई-वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि नोंदणीचा दिनांक एवढंच येतं. रजिस्टरात त्याशिवाय खबर देणाऱ्याचं नाव आणि पत्ता असतो. हा रकाना सोन्याचा. खबर देणारा बहुधा मुलगा, पुतण्या, जावई किंवा शेजारचा भावकीतला माणूस असतो, आणि घरात कुणालाच न आठवणारी एक अख्खी शाखा कधीकधी त्या एका ओळीतून उघडते. म्हणून नुसता दाखला मागू नका. रजिस्टरातली नोंदही वाचून घ्या.

कायद्याच्या कलम १७ प्रमाणे रजिस्टरात शोध घ्यायला लावण्याचा आणि मृत्यूच्या नोंदीचा उतारा मागण्याचा हक्क कुणालाही आहे. वारस असल्याचं सिद्ध करायला लागत नाही, नात्याचं प्रतिज्ञापत्र लागत नाही. कार्यालयात मागतात, तेव्हा नम्रपणे कलम दाखवावं. एक गोष्ट मात्र मिळणार नाही: मृत्यूचं कारण. उताऱ्यात कारण उघड करायला त्याच कलमानं बंदी आहे, त्यावर वाद घालून उपयोग नाही.

अर्ज छोटा ठेवा. साधारण असा:

"विषय: मृत्यू नोंदीचा शोध घेऊन उतारा मिळणेबाबत. खालील व्यक्तीच्या मृत्यूची नोंद सन १९७४ ते १९७७ या वर्षांच्या रजिस्टरात शोधावी. नाव: (सगळे पर्याय), वडील / पतीचे नाव, गाव, अंदाजे वय. नोंद आढळल्यास प्रमाणित उतारा द्यावा. न आढळल्यास अनुपलब्धता प्रमाणपत्र (नमुना १०) द्यावे. कारण: कौटुंबिक वंशावळ."

नमुना १० ची मागणी पहिल्याच अर्जात करावी. ते मागितलं की कार्यालयाला लेखी उत्तर द्यावंच लागतं. "इथं नाही" हे कागदावर मिळालं की तीच रजिस्टरं पुन्हा धुंडाळावी लागत नाहीत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला विसरू नका. महिनाभर हालचाल नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच: १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर.

आणि ऑनलाइन? नागरी नोंदणीच्या केंद्रीय पोर्टलवर अलीकडच्या नोंदी आणि क्यूआर कोडचे दाखले मिळतात. जुन्या हस्तलिखित नोंदी तिथं सापडण्याची आशा कमी. रजिस्टर गाठावं लागतं.

नाव सापडत नाही याची कारणं

जुन्या नोंदीत आडनाव बहुधा नसतं. "गणपत वल्द रामजी" म्हणजे रामजीचा मुलगा गणपत. "पि." म्हणजे पिता. "भ्र." म्हणजे भ्रतार, म्हणजे नवरा: "सखूबाई भ्र. गणपत". "जोजे" हेही बायकोसाठीच. बाईची नोंद सासरच्या नावानं असते आणि लग्नातलं नाव माहेरच्या नावापेक्षा वेगळं असतं, तेव्हा दोन्ही नावं शोधावीत. घरातलं हाकेचं नाव नोंदीत आलेलं असतं: बापूराव ऐवजी "बापू", कधी नुसतं "बाळा". तान्हं मूल गेलं असेल तर नावच नसतं, "मुलगा, ३ दिवस" एवढं. म्हणून नावापेक्षा बापाच्या, नवऱ्याच्या नावावर नजर ठेवून पान वाचावं.

वयावर विश्वास ठेवू नये. ६०, ६५, ७० अशी गोल वयं अंदाजाची असतात. दहा वर्षांची चूकही नवलाची नाही. दुसरी अडचण गावाच्या नावाची. पिंपळगाव, वडगाव, बोरगाव अशी नावं प्रत्येक तालुक्यात असतात, वर बुद्रुक आणि खुर्द. जायकवाडीच्या नाथसागरात गेलेल्या गावांचं दप्तर नव्या वसाहतीत किंवा तहसीलला विचारावं. तालुकेही बदलले: घनसावंगी, बदनापूर, फुलंब्री, वडवणी, शिरूर कासार हे नंतरचे तालुके. घनसावंगीकडच्या गावाचं जुनं दप्तर अंबडच्या अभिलेख कक्षात असण्याचा संभव धरून चालावं.

१९७० च्या आधी: कोतवाल बुक

गावपातळीवरच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या रजिस्टराला बोलण्यात "कोतवाल बुक" म्हणतात. दप्तरी नाव गाव नमुना १४. हे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतं. इथं एक फसगत हमखास होते. आजच्या महसुली नमुन्यांत नमुना १४ म्हणजे पाणीपुरवठ्याच्या साधनांची नोंदवही! नुसतं "नमुना चौदा द्या" म्हटलं की कारकून विहिरींचं रजिस्टर पुढं ठेवतो. "जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर, कोतवाल बुक" असं स्पष्ट म्हणावं.

कोतवाल बुकात नाव, बापाचं नाव, जात, वय, तारीख आणि बऱ्याचदा आजाराचं कारण एका ओळीत असतं. नोंदी सलग असतीलच असं नाही. मधली काही वर्षं गायब, काही गावांचं बुकच नाही. २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यातली ही जुनी रजिस्टरं मोठ्या प्रमाणावर बाहेर काढून तपासली गेली. कुणबी नोंदी शोधण्यासाठीची ही मोहीम होती, पण वंशावळ काढणाऱ्याला त्याचा आयता फायदा आहे: स्कॅन केलेली पानं जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकली गेली. आपला तालुका आणि गाव तिथं आहे का, हे आधी पाहावं. तहसीलची एक चक्कर वाचते.

निजामाचं दप्तर: भाषा, लिपी आणि फसली साल

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. सरकारी भाषा उर्दू, त्यामुळं वरच्या कार्यालयांचं दप्तर उर्दूत. गावचे पटवारी मोडीतही लिहीत. उर्दू नोंदीत मृत्यूसाठी शब्द आहे "फौत". आजही मराठवाड्यात "फौती फेरफार" म्हणतात तो इथलाच. ओळखायला सोपा शब्द आहे, पानावर नजर फिरवताना आधी तोच शोधावा. वारस लावण्याला "विरासत" म्हणत.

तारखा फसलीत, म्हणजे महसुली सालात, असतात. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्यापासून सुरू होई. हिशेब: ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी फसलीत ५९० मिळवा, जानेवारी ते सप्टेंबरसाठी ५९१. महिने क्रमानं आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दिबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवार, मेहर, आबान. आजूर साधारण ऑक्टोबर, मग पुढं एकेक. समजा नोंदीत "फौत, खुर्दाद १३४६ फ." आहे. आजूरपासून खुर्दाद सातवा, म्हणजे महिना एप्रिलच्या आसपासचा. १३४६ अधिक ५९१ म्हणजे १९३७. वर्ष आलं १९३७, एप्रिल-मेच्या सांध्यावर.

दोन चुका इथं वारंवार होतात. महिन्यांची नावं इराणी असल्यामुळं इंटरनेटवरच्या इराणी पंचांगात तारीख घालतात. तिथं खुर्दाद मे-जूनमध्ये येतो आणि सालाचा आकडाही जुळत नाही. दुसरी चूक म्हणजे मुंबई किंवा मद्रास इलाख्याचा फसली हिशेब लावणं. त्यांचं वर्ष जून-जुलैत सुरू होतं. हैदराबादचा हिशेब वेगळा धरावा.

वरच्या पातळीचं दप्तर आज तीन ठिकाणी विखुरलेलं आहे: जिल्हाधिकारी कार्यालयांचे अभिलेख कक्ष, पुराभिलेख संचालनालयाचं छत्रपती संभाजीनगरचं कार्यालय, आणि हैदराबादेत तारनाका इथलं तेलंगणा राज्य पुराभिलेखागार. शेवटच्या ठिकाणी एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या मृत्यूची नोंद शोधायला जाऊ नये, दमछाक होईल. पण घराणं देशमुख, देशपांडे, इनामदार, काझी किंवा देवस्थानचं असेल तर चित्र बदलतं. इनाम एका पिढीकडून दुसरीकडं जाताना विरासतीची चौकशी होई, आणि मंजुरीचा कागद म्हणजे मुन्तखब. कोण फौत झाला, त्याला किती मुलगे, कोणाच्या नावे इनाम चढलं हे त्यात क्रमानं येतं.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत सीमा हलल्या, हेही ध्यानात असावं. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके तोवर बीदर जिल्ह्यात होते. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा, जुक्कल ही मंडळं आणि मुधोळ, भैंसा, कुबेर हा भाग नांदेडमधून आंध्रात गेला. किनवट मात्र आदिलाबादमधून इकडं आलं. उदगीरकडच्या घराण्याचे जुने कागद बीदरला विचारावे लागतात ते यामुळं. पुढचे बदल सोपे आहेत: जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये, हिंगोली १९९९ मध्ये वेगळे जिल्हे झाले.

जमीन असेल तर फेरफार

मराठवाड्यातल्या सामान्य शेतकरी घराण्यासाठी मृत्यूच्या रजिस्टरापेक्षा भरवशाचा कागद म्हणजे वारसाचा फेरफार. माणूस गेला की जमिनीवर वारस लावावे लागतात, म्हणून मृत्यू नोंदला नाही तरी फेरफार होतो. फेरफार गाव नमुना ६ मध्ये, वारसांची नोंदवही ६-क मध्ये. जुने स्कॅन केलेले फेरफार "आपले अभिलेख" वर गाव आणि फेरफार क्रमांक टाकून मिळतात. क्रमांक सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेला असतो.

नोंद साधारण अशी दिसते: "खातेदार गणपत पि. रामजी हे अंदाजे ४ वर्षांपूर्वी मयत. वारस: १) मारोती मुलगा, २) किसन मुलगा, ३) कौसाबाई मुलगी, ४) सखूबाई भ्र. गणपत बेवा." एका ओळीत तीन पिढ्या. बेवा म्हणजे विधवा, म्हणजे आजोबांच्या मृत्यूवेळी आजी हयात. मात्र फेरफाराची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे. फेरफार दहा-वीस वर्षांनंतरही होतो, बऱ्याचदा बँकेचं कर्ज किंवा वाटणी आली म्हणून. "अंदाजे ४ वर्षांपूर्वी" हे वारसांच्या तोंडचं असतं. मुलींची नावं वगळलेली असणंही नित्याचं, तेव्हा या यादीवरून "त्यांना मुली नव्हत्या" असं लिहू नये.

मागं जायचं तर १९५४-५५ चं खासरा पत्रक (जमिनीच्या नोंदींचं) आणि १९५१ चं राष्ट्रीय रजिस्टर बघावं. १९५१ च्या रजिस्टरात घरातल्या माणसांची नावं आणि वयं आहेत. नाव असेल तर माणूस तेव्हा जिवंत होता. खासरा पत्रकाचं तसं नाही. जमीन मेलेल्या बापाच्या नावे वर्षानुवर्षं राहते, म्हणून खासऱ्यातलं नाव हा हयातीचा पुरावा धरता येत नाही.

उपाध्यायांच्या वह्या

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांकडं गाव आणि आडनावावार नामावळी असतात. अस्थी घेऊन जाणाऱ्यानं किंवा श्राद्धाला आलेल्यानं त्यात घराण्याची नावं लिहवून सही किंवा अंगठा केलेला असतो. तारीख असते ती तीर्थाला आल्याची. जाताना गाव, तालुका, आडनाव, कुळी आणि चार पिढ्यांची नावं सोबत न्यावीत. नुसत्या आडनावानं वही उघडत नाही. दक्षिणा ठरवून घ्यावी. फोटो घ्यायला सगळे राजी होत नाहीत, म्हणून कागद-पेन सोबत असू द्या.

नोंद नाहीच सापडली तर

उशिरानं नवी नोंद करून दाखला काढता येतो, पण फक्त वंशावळीसाठी तो मार्ग धरू नये. वर्षापेक्षा जुन्या मृत्यूला जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि बनावट दाखल्यांच्या तक्रारींनंतर २०२५ मध्ये राज्यात ही पद्धत बरीच कडक झाली. वारसा हक्काचा प्रश्न असेल तर गोष्ट वेगळी.

वंशावळीत तारीख टाकताना तिचा आधार शेजारीच लिहावा. उदाहरणार्थ: "मृत्यू: १९३६ ऑक्टोबर ते १९३७ सप्टेंबर (फसली १३४६, विरासतीचा कागद)"; किंवा "१९७५ च्या आधी (वारस फेरफार १९७५; मृत्यू रजिस्टर १९७०-७५ मध्ये नोंद नाही, नमुना १० घेतला)". कागदाचा फोटो घेताना रजिस्टराचं मुखपृष्ठ, वर्ष आणि पान क्रमांकही टिपावा. ओळ एकटी कापून ठेवलेला फोटो दोन वर्षांनी कुठल्या बुकातला ते आठवत नाही, आणि तेच बुक पुन्हा काढून दाखवायला कारकून राजी होईलच असं नाही.